कौतुक नंतर, आधी ऑर्डर

गेल्या अंकात लंडनमधल्या आमच्या छोट्या केटरिंग संस्थेबद्दल मी चार ओळी लिहिल्या होत्या. निर्वासित बायका (आणि आता दोन पुरुषही) आमच्याकडे स्वयंपाकाचं धंद्याचं काम शिकतात, ऑर्डरी करतात आणि पुढे कॅफेत, शाळांच्या किचनमध्ये नोकरीला लागतात, एवढंच त्यात होतं. त्यावर पत्रांचा पाऊस पडला. म्हणून या वेळचं सदर त्यालाच दिलंय. इडलीचं पीठ थंडीत का फुगत नाही, हा प्रश्न विचारणाऱ्या तिघींनी पुढच्या अंकापर्यंत धीर धरावा.

प्रश्न : यजमानांची साठी आहे. साठ माणसं, निम्मी शाकाहारी. तुमच्यासारख्या संस्थेकडून जेवण मागवू या असं मुलीचं म्हणणं. मला दोन शंका आहेत. स्वच्छतेचं काय? आणि संस्थाच आहे, तर जरा स्वस्तात होईल ना? – एक वाचक, हॅरो

उत्तर : दुसरी शंका आधी घेते. ती सगळ्यांच्याच मनात असते, विचारलीत तुम्ही एकट्यांनी. नाही, स्वस्तात होणार नाही. साठ पानांचा हिशेब मांडते. माणशी सोळा पौंड धरा, झाले ९६० पौंड. सामानाला तीनशेच्या आसपास. आदला दिवस आणि कार्यक्रमाचा दिवस मिळून तीन बायका प्रत्येकी नऊ तास, तासाला चौदा पौंड, म्हणजे ३७८. किचनचं भाडं, व्हॅन, डबे, विमा यांत दोनशे. उरले ८२. त्यातून नवीन आलेल्या बाईचं प्रशिक्षण आणि तिचं बसभाडं. आता तुम्ही 'दहा टक्के कमी करा' म्हणालात, तर ते ९६ पौंड आणायचे कुठून? ते फक्त मजुरीतूनच निघू शकतात. कायद्याचं किमान वेतन एप्रिल २०२५ ला तासाला १२.२१ पौंड झालं, आम्ही त्याच्या वर देतो आणि ते तसंच राहावं यासाठी मी ग्राहकांशी गोड बोलून भांडते.

स्वच्छतेचं म्हणाल, तर इथे अन्नाचा धंदा करणाऱ्या प्रत्येकाला स्थानिक कौन्सिलकडे नोंदणी करावी लागते. इन्स्पेक्टर येऊन फ्रिजचं तापमान, कचऱ्याची जागा, नोंदवह्या सगळं बघतो आणि शून्य ते पाच असा आकडा देतो. तो आकडा फूड स्टँडर्ड्स एजन्सीच्या वेबसाइटवर कुणालाही दिसतो. आमचा बघा, आणि हाताशी आहातच तर ज्यांच्याकडून दर गणपतीला मोदक मागवता त्यांचाही बघा. निर्वासितांच्या किचनबद्दल विचारला जाणारा हा प्रश्न आपल्या माणसांच्या किचनबद्दल मला आजवर कुणी विचारलेला नाही.

शाकाहारी मंडळींची काळजी सोडा. सीरियातल्या अलेप्पोकडची मुहम्मरा म्हणजे भाजलेली लाल मिरची, अक्रोड आणि डाळिंबाचा आटवलेला रस, पोळीशीसुद्धा छान लागते. मुजद्दरा ही मसूर-तांदळाची, वर करपण्याच्या बेतात आलेला तांबूस कांदा पसरलेली. अफगाणी बोरानी बांजान, म्हणजे तळलेली वांगी आणि लसणीचं दही. बटाट्याची बोलानी, म्हणजे सारण भरलेली पातळ रोटी. इथिओपिया-एरिट्रियाकडचे ऑर्थोडॉक्स ख्रिश्चन बुधवार-शुक्रवार आणि मोठ्या उपवासांना मांस, दूध, अंडी काहीच खात नाहीत, त्यामुळे त्यांच्याकडे डाळी-भाज्यांचे प्रकार पुष्कळ. फक्त काबुली पुलाव दिसला की विचारा, तो सहसा मटणाच्या पाण्यात शिजलेला असतो. आणि कुणी कांदा-लसूण खात नसेल तर आधीच सांगते, आमच्याकडे त्यांना कोशिंबीर आणि फळांवर भागवावं लागेल. उगाच हो म्हणून ऐन वेळी फजिती नको.

पाहुण्यांच्या ॲलर्जी मात्र ऑर्डर देतानाच कळवा. कायद्यात १४ घटकांची यादी आहे, त्यातले तीळ, अक्रोड, दूध, गहू आमच्या जेवणात हमखास असतात. आपल्या फोडणीतली मोहरीही त्या यादीत आहे, हे कित्येक मराठी घरांत ठाऊक नसतं. हिंगात बहुतेक वेळा गव्हाचं पीठ मिसळलेलं असतं, तेही नाही.

प्रश्न : शेजारच्या घरात एक इराणी बाई राहते, तिचा आश्रयाचा अर्ज अजून लटकलेला आहे. हाताला काय चव आहे तिच्या! मी घरून टिफिन देते. तिला आठवड्यातून तीन दिवस मदतीला घेतलं आणि रोख पैसे दिले तर तिचंही भलं, माझंही. हरकत आहे का? – एक वाचक, स्लाव

उत्तर : आहे. असं अजिबात करू नका. ज्यांच्या अर्जाचा निकाल लागलेला नाही त्यांना इथे काम करायची परवानगी नसते. निकाल वर्षभर लागला नाही आणि उशीर त्यांच्यामुळे झालेला नसेल, तर परवानगी मागता येते, पण तीही सरकारने ठरवलेल्या यादीतल्या कामांसाठीच. परवानगी नसलेल्या माणसाला कामावर ठेवलं तर पहिल्याच वेळी माणसामागे ४५,००० पौंडांपर्यंत दंड होऊ शकतो, पुन्हा सापडलात तर ६०,००० पर्यंत. फेब्रुवारी २०२४ पासून हे आकडे आहेत. तुमचा टिफिनचा धंदा तर जाईलच, पण त्या बिचारीच्या अर्जावरही त्याचा डाग लागू शकतो. पैशांऐवजी किराणा भरून दिला तरी ती मजुरीच झाली, हेही सांगून ठेवते, कारण पुढचा प्रश्न तोच येणार.

तुम्हाला वाईट का वाटतंय ते कळतं मला. स्वतःचं जेवण स्वतः करणाऱ्या अर्जदारांना सरकारकडून आठवड्याला माणशी पन्नास पौंडांच्या आत मिळतात, त्यात सगळं भागवायचं. ज्यांना हॉटेलात ठेवलंय त्यांना याहून कितीतरी कमी, कारण जेवण तिथे मिळतं, आणि त्या खोल्यांत साधी शेगडीही नसते. आमच्याकडे पहिल्यांदा आलेली एक बाई गॅस पेटवून नुसती कांदा परतत बसली होती. वर्षभरात तिने काही शिजवलंच नव्हतं.

तिला करता येण्यासारखं मात्र बरंच आहे. धर्मादाय संस्थेत ती स्वयंसेवक म्हणून येऊ शकते, बसभाडं आणि दुपारचं जेवण मिळतं. इंग्रजीच्या वर्गाला जाऊ शकते. फूड हायजिनचं लेव्हल टू सर्टिफिकेट काढू शकते, ते ऑनलाइन होतं. फी तुम्ही भरा, घरी बोलावून चहा पाजा, तिच्याकडून तहदीग शिका (भाताची खरपुडी आपण भांड्याला पाणी घालून फेकतो, ते लोक पाहुण्याच्या ताटात मानाने वाढतात). अर्ज मंजूर झाला की तिला कुठलंही काम करता येईल. तेव्हा तिचा शेअर कोड (काम करायचा हक्क तपासायचा सरकारी क्रमांक) मागून सरकारी साइटवर तपासा आणि रीतसर पगारपत्रकावर घ्या. आणि हो, तुमच्या टिफिनची कौन्सिलकडे नोंदणी आहे ना? धंदा सुरू करायच्या २८ दिवस आधी करायची असते, फुकट असते.

प्रश्न : मी पुण्यात समाजकार्याचा अभ्यास करते. ज्या बाईने आयुष्यभर वीस-तीस माणसांचा स्वयंपाक केला, तिला स्वयंपाकाचं प्रशिक्षण कशासाठी? संस्था नेमकं काय करतात? – एक विद्यार्थिनी

उत्तर : स्वयंपाक आम्ही शिकवतच नाही, तो त्याच आम्हाला शिकवतात. आम्ही शिकवतो ते स्वयंपाकाच्या भोवतीचं सगळं.

पहिल्या दिवशी चिरायच्या फळ्या. लाल कच्च्या मटणाला, निळी मासळीला, पिवळी शिजलेल्या मटणाला, हिरवी सॅलड-फळांना, तपकिरी भाज्यांना, पांढरी ब्रेड आणि दुधाच्या पदार्थांना. मग थर्मामीटर. शिजवलेल्या पदार्थाच्या मध्यभागी ७५ अंश, वाढेपर्यंत गरम ठेवायचं तर ६३ च्या वर, फ्रिजमध्ये ८ च्या खाली. भाताचा नियम तर आपल्या सगळ्यांच्या जिवावर येतो. शिजवून उरला तर तासाभरात पसरट ट्रेमध्ये गार करून फ्रिजमध्ये, आणि चोवीस तासांत संपवायचा. आदल्या रात्रीचा, ओट्यावर राहिलेला भात सकाळी फोडणीला टाकणारी आपली पिढी हे ऐकून हसते. भाताचे जंतू मात्र हसत नाहीत, त्यांचं विष पुन्हा गरम केल्याने जात नाही.

मग वजनं. हा सगळ्यात चिवट भाग. अलेप्पोच्या आमच्या खाला, वय साठीच्या पुढचं, किब्बे (बुलगुर आणि खिम्याचे गोळे) इतक्या सुरेख वळतात की बघत राहावं. बुलगुर, म्हणजे उकडून भरडलेला गहू, किती घ्यायचा विचारलं की हाताची ओंजळ दाखवतात. मी त्यांना तराजू दिला तर रुसल्या. शेवटी असं केलं: त्यांच्यासमोर बुलगुरचा, मिठाचा, मसाल्याचा डबा ठेवायचा, त्यांना हवं तसं घेऊ द्यायचं, आणि त्यांची पाठ वळली की डबा पुन्हा मोजायचा. किती कमी भरला ते वहीत. चार-पाच वेळा मोजलं तेव्हा कळलं की त्यांची ओंजळ दर वेळी दहा-पंधरा ग्रॅमच्या फरकाने तेवढीच असते. ती वही बघून खाला जे काही म्हणाल्या त्याचं भाषांतर करायला त्यांच्या मुलीने नकार दिला. पण आता त्याच वहीवरून दुसरी बाई किब्बे करते आणि खालांना सुट्टी घेता येते. पदार्थाला माणशी किती खर्च आला हेही त्या वहीशिवाय काढता येत नाही, आणि खर्च काढता आला नाही तर तो धंदा नाही, हौस.

किचनची इंग्रजी वेगळीच असते. गरम पातेलं घेऊन मागून जाताना 'बिहाइंड' ओरडायचं, वळणावर 'कॉर्नर'. ज्या बायकांना बाजारातही आवाज चढवू नये असं शिकवलेलं, त्यांना ओरडायला लावणं हे आमचं अर्ध्या महिन्याचं काम. त्यानंतर बायोडेटा, मुलाखतीची तयारी, आणि सर्वांत मोलाचं म्हणजे रेफरन्स. इथला मालक विचारतो, इथे आधी कुठे काम केलंय? तुमच्या वीस वर्षांच्या दमास्कसमधल्या खाणावळीचं पत्र कोण देणार? आमचं पत्र असतं.

संस्थांचे प्रकार तुमच्या अभ्यासासाठी थोडक्यात. लंडनमध्ये २०१७ पासून 'मायग्रेटफुल' आहे, तिथे निर्वासित आणि स्थलांतरित आपल्या पदार्थांचे वर्ग घेतात, शिकायला येणारे पैसे भरतात. पॅरिसमध्ये २०१६ ला रेफ्युजी फूड फेस्टिव्हल सुरू झाला, त्यात नावाजलेली रेस्टॉरंटं आपली चूल काही दिवस निर्वासित आचाऱ्यांच्या हाती देतात. न्यूयॉर्कची 'ईट ऑफबीट' ही सरळ केटरिंग कंपनी, तिथलीच 'एमाज टॉर्च' पगार देऊन शिकवते आणि हॉटेलांत नोकरीला लावते. आम्ही या सगळ्यांपुढे अगदी चिमुकले, चर्चच्या हॉलमागचं किचन भाड्याने घेतलेले.

आता जे अहवालात छापलं जात नाही ते. एक, हॉटेलांची कामं रात्री अकरापर्यंत चालतात, लहान मुलं असलेल्या बाईला ती झेपत नाहीत. म्हणून मी शाळांच्या किचनमागे लागते, तिथे दुपारी सुटतात आणि शाळेच्या सुट्टीत सुट्टी. पगार थोडा, पण संसार चालतो. दोन, 'ट्रायल शिफ्ट' या नावाखाली दोन-दोन दिवस फुकट राबवून 'कळवतो' म्हणणारे मालक आहेत, अशा एका ठिकाणी आम्ही माणसं पाठवणं बंद केलं. आणि तीन, हे सर्वांत महत्त्वाचं: प्रत्येक निर्वासित बाईला स्वयंपाक करायचा नसतो. आमच्याकडे खार्टूमची एक फार्मासिस्ट आहे. इथली नोंदणी होईपर्यंत तिला पैसे हवेत, इंग्रजी हवं, म्हणून कांदे चिरते. तिचं फलाफल बेतास बात आहे आणि तिला त्याचं काडीचं दुःख नाही. दर बुधवारी दुपारनंतर ती पुस्तकं उघडून कोठीघरात बसते आणि त्या वेळी तिला हाक मारायची नाही असा नियम केलाय. बाई आहे, दूरदेशीची आहे, म्हणजे रांधणारच, हा हिशेब तुमच्या प्रबंधात घालू नका.

प्रश्न : आपल्याच पोरांना नोकऱ्या मिळत नाहीत. आपण इथे कष्टाने, कायद्याने आलो. यांना कशाला डोक्यावर घ्यायचं? – एक वाचक, लेस्टर

उत्तर : तुम्ही लेस्टरहून लिहिताय म्हणून आठवण देते. १९७२ मध्ये इदी अमीनने युगांडातून आशियाई लोकांना हाकललं, त्यातले सुमारे २८ हजार या देशात आले. तेव्हा तुमच्याच शहराच्या कौन्सिलने युगांडातल्या वर्तमानपत्रात जाहिरात दिली होती की आमच्याकडे जागा नाही, येऊ नका. आज तुम्ही बेलग्रेव्ह रोडवर जो ढोकळा आणि मिठाई घेता, ती बरीचशी त्या न येण्याजोग्या लोकांच्या हातची आहे. तुमच्या मुलाला किचनमध्ये काम हवं असेल तर पाठवा, शनिवारी भांडी घासायला माणूस लागतोच, पगारी आहे.

प्रश्न : आपल्याकडे भारतात असं काही आहे का? – एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : दिल्लीत आहे. लाजपतनगर, भोगल या भागांत अफगाण कुटुंबं बरीच. तिथल्या निर्वासित बायकांचा 'इल्हाम' नावाचा केटरिंग गट २०१५ च्या सुमारास संयुक्त राष्ट्रांच्या निर्वासितविषयक कार्यालयाच्या मदतीने उभा राहिला. भारताने १९५१ च्या निर्वासित करारावर सही केलेली नाही आणि आपल्याकडे निर्वासितांसाठी वेगळा कायदाही नाही, त्यामुळे तिथे रीतसर नोकरी मिळवणं इथल्याहून अवघड. गट करून ऑर्डरी घेणं हाच त्यातल्या त्यात बरा मार्ग.

पण तुम्ही कोल्हापूरकर मला हे विचारताय! तुमच्या वळिवड्याला १९४३ ते ४८ पाचेक हजार पोलिश निर्वासित राहून गेले, बहुतेक बायका आणि मुलं. त्यांतली कित्येक कुटुंबं पुढे इंग्लंडलाच आली.

आणि मी डोंबिवलीची. फाळणीनंतर सिंधी लोकांना कल्याणजवळच्या लष्करी छावण्यांत ठेवलं, १९४९ मध्ये त्या वस्तीचं उल्हासनगर झालं. माझ्या लहानपणीही आई त्याला 'कॅम्प'च म्हणायची. कॅम्पातून सिंधी बाई पापड घेऊन दारावर यायची, मिरीचे, कडक. आई घासाघीस करायची आणि ती एक पैसा सोडायची नाही. तिला कुणी संस्था नव्हती, सर्टिफिकेट नव्हतं. पापड मात्र असा की आमच्याकडच्या उडदाच्या पापडांना नंतर कुणी हात लावेना, आजी महिनाभर फुगून बसली होती.

प्रश्न : मी निवृत्त आहे, वेळ आहे. तुमच्याकडे येऊन त्या बायकांना पुरणपोळी, आमटी शिकवू का? म्हणजे त्यांना इंडियन ऑर्डरीही मिळतील. – एक वाचक, वेम्बली

उत्तर : या, नक्की या, पण पुरणपोळी राहू द्या. वेम्बलीत इंडियन जेवण करणारे ढिगाने आहेत, त्यात आमच्या बायका कशाला पडतील? त्यांच्या हाती जे आहे ते दुसऱ्या कुणाकडे नाही, म्हणून तर ऑर्डर येते. आम्हाला हवाय व्हॅन चालवणारा माणूस, कौन्सिलची पत्रं वाचून सोपं करून सांगणारी व्यक्ती, बिलं वेळेवर पाठवणारं कुणीतरी. आणि शेजारी उभं राहून भांडी पुसता पुसता इंग्रजीत गप्पा मारणारी बाई, तर रोज हवी.

एकच पथ्य. 'तू कशी पळालीस', 'घरचे कुठे आहेत' हे विचारायचं नाही. त्यांनी सांगितलं तर ऐकायचं. काही ग्राहक ऑर्डरसोबत आचारी बाईचं पाच मिनिटांचं भाषण मागतात, 'तिची कहाणी' म्हणून. मी सांगते, मेनूत ती नाही.

शिकायचंच असेल तर एरिट्रियाच्या बाईकडून शिरो शिका. गोडाचा शिरा नव्हे, ते त्यांचं पिठलंच आहे. बारीक कांदा आधी तेलाशिवाय मंद आचेवर घामेजू द्यायचा, मग तेल, लसूण, टोमॅटो, बर्बेरे मसाला, पाणी, आणि भाजक्या हरभऱ्याचं पीठ घोटत घोटत. आपण पाच मिनिटांत उतरवतो, ती तेल सुटेपर्यंत वीस-पंचवीस मिनिटं रटरटू देते. घाई केली तर पिठाचा कच्चा वास राहतो.

प्रश्न : आमच्या मंडळाच्या दिवाळी कार्यक्रमात तुमच्या संस्थेला मोफत स्टॉल द्यायचा ठराव झाला आहे. चारशे लोक येतात, चांगली प्रसिद्धी मिळेल. जेवण आपण संस्थेतर्फे प्रायोजित करावं ही विनंती. – एक कार्यवाह, लंडनजवळून

उत्तर : कार्यवाह महाशय, म्हणजे चारशे लोकांना आम्ही फुकट जेवू घालायचं आणि त्याबद्दल टेबल फुकट मिळणार! ढोल-ताशावाले, साउंडवाले, फोटोग्राफर यांनाही हाच ठराव पाठवलाय का?

गेल्या वर्षी अशाच एका ठिकाणी आमचं बिल तीन महिने अडकलं होतं. 'तुम्ही तर सेवाभावी' असं उत्तर यायचं. सेवाभावी मी आहे, मला निवृत्तिवेतन आहे. किचनमधल्या बायकांचं घरभाडं महिन्याच्या महिन्याला जातं.

तेव्हा असं करा. चारशे पानं आम्हाला झेपणार नाहीत, दीडशेची नाश्त्याची ऑर्डर घेऊ: बोलानी, फलाफल, मुहम्मरा, सोबत चहा. दिवाळीच्या किमान तीन आठवडे आधी संख्या पक्की, निम्मी रक्कम आगाऊ, उरलेली बिल मिळाल्यापासून चौदा दिवसांत. गरम ठेवायला दोन प्लग पॉइंट स्टॉलजवळ लागतील, मागच्या भिंतीला नकोत. आणि आकाशकंदील आमच्या टेबलाच्या जरा वर बांधा, ट्रे उचलताना डोक्याला लागतो.